शहराची मोरी कोठे संपते?

या विषयावर चार माणसांत बोलावयाचे म्हटले की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू येते आणि बोलणारा शब्द शोधू लागतो. आपल्या भाषेने ही अडचण फार पूर्वीच ओळखून ठेवली आहे. 'बहिर्दिशेस जाणे', 'परसाकडे जाणे', 'बाहेर जाऊन येणे' हे शब्द पाहा. त्यांत क्रियेचे नावच नाही. आहे ती केवळ दिशा, आणि ती दिशा बाहेरची. घाण बाहेर गेली, दृष्टीआड झाली, म्हणजे तिचा आपला संबंध संपला, ही समजूत या शब्दांतच मुरलेली आहे.

विरळ वस्तीच्या खेड्यात, भरपूर ऊन आणि भरपूर रान असताना, या समजुतीने पुष्कळ काळ निभावून नेले. तेथेही अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरत होताच. पण ऊन आणि माती आपले काम थोडेफार करीत होती. शहराची गोष्ट निराळी. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. एवढ्या वस्तीला 'बाहेर' असे उरत नाही. एकाचे परसू ते दुसऱ्याचे अंगण असते, आणि शहराच्या वेशीबाहेर जे जाते ते पुढच्या गावाच्या पाणवठ्यावर पोहोचते. तेव्हा आपल्या मोरीतून निघालेले पाणी पुढे कोठे जाते, वाटेत कोणाकोणाला भेटते, आणि शेवटी कोणाच्या घशात उतरते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रथम रोगाची वाट पाहू. पटकी, विषमज्वर, आमांश, एका जातीची कावीळ, पोलिओ आणि लहान मुलांचे बहुतेक अतिसार या रोगांची नावे वेगळी असली तरी त्यांचा रस्ता एकच आहे. रोग्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतो आणि निरोग्याच्या तोंडातून आत शिरतो. मधल्या प्रवासात त्याला पाणी, माशी, न धुतलेला हात, गटारालगत पिकलेली भाजी, यांपैकी कोणतेही वाहन चालते. आपण मात्र रोगाची भीती दुर्गंधीवरून मोजतो, आणि तेथेच फसतो. दुर्गंधी मारणारी नसते. स्वच्छ, थंड, बिनवासाच्या पेल्यात पटकीचे लाखो जंतू असू शकतात. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखविले, ते पाणी दिसावयास वाईट होते म्हणून नव्हे; त्या पंपाभोवतीच्या घरांतून मृत्यूची दाटी होती म्हणून. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख याला कलकत्त्यात, जेथील लोक पीत, नाहत व कपडे धूत होते अशा एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला.

आपल्याकडे पटकीला लोकांनी मरीआई म्हटले. गावात साथ आली की पुष्कळ ठिकाणी मरीआईचा गाडा काढीत. पूजा-नैवेद्य करून तो वाजतगाजत आपल्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत लोटून द्यायचा. त्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा. आज आपण या प्रथेला हसतो. परंतु शहरांच्या गटारयोजना तपासून पाहिल्या, तर त्यांतील कित्येक म्हणजे सिमेंटचा आणि भुयारी असा मरीआईचा गाडाच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

असा गाडा उलट फिरला म्हणजे काय होते ते दिल्लीने पाहिले आहे. यमुनेवर वजिराबादला दिल्लीचे पाणी उचलण्याचे ठिकाण होते. त्याच्या खालच्या अंगाला नजफगढचा नाला मैलापाणी घेऊन नदीला मिळतो. व्यवस्था अशी की वर पाणी घ्यावयाचे व खाली घाण सोडावयाची. १९५५ च्या पावसाळ्यानंतर नदीचे पात्र सरकले, आणि नोव्हेंबरात नाल्याचे पाणी उलटे चढून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. जलकेंद्रावरील लोकांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. काही आठवड्यांनी, डिसेंबर व जानेवारीत, शहरात काविळीची साथ उसळली आणि सुमारे २९,३०० माणसांना प्रत्यक्ष कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ अधिक होते.

या साथीतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळी विषमज्वर किंवा आमांश वाढला नाही. वाढविलेल्या क्लोरीनने ते जंतू मारले होते; पण काविळीचा विषाणू मेला नाही. गढूळ पाण्यात सेंद्रिय द्रव्य पुष्कळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि विषाणू त्यातून निसटतात. साथीच्या वेळी जपून ठेवलेल्या रक्तजलाची पुढे तपासणी झाली, तेव्हा ही नेहमीची 'ए' जातीची कावीळ नव्हती असे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या विषाणूला आज हेपॅटायटिस 'ई' म्हणतात. २०१२ साली इचलकरंजीला काविळीची जी मोठी साथ आली, तीही याच जातीची. म्हणजे आधी पाणी नासवावयाचे आणि मग औषध घालून सुधारावयाचे, या उपायाला मर्यादा आहे, हे सत्तर वर्षांपूर्वीच कळून चुकले होते.

दिल्लीच्या त्या साथीनंतर थोड्याच काळाने, १९५८ साली, आपल्या नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पाणीपुरवठा, मैलापाण्याची विल्हेवाट आणि त्यांतून होणारे साथीचे रोग हेच तिचे आरंभीचे विषय होते. १९७४ साली तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. लोक तिला 'नीरी' म्हणतात. देशाला मैलापाण्याचे शास्त्र शिकविणारी संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहरातून नाग नदी वाहते, हा योगायोग नागपूरकरांना थोडा अवघड वाटावा असा आहे.

आता घराजवळ येऊ. पाण्याचा नळ आणि मैल्याचे गटार आपल्या बहुतेक गल्ल्यांतून शेजारी शेजारी जातात. नळात पाणी दाबाने वाहत असेपर्यंत त्याला चीर पडली तरी पाणी बाहेर गळते, बाहेरचे आत येत नाही. पण पाणी दिवसातून दोन तासच येत असेल तर उरलेले बावीस तास तो नळ रिकामा असतो. पाणी ओसरताना त्यात पोकळी होते, आणि जवळच्या फुटक्या गटारातले पाणी तिने आत ओढले जाते. सकाळी नळ सुटला की पहिली घागर त्याचीच भरते. त्यात आपल्याकडची काळी माती! पावसाळ्यात ती फुगते आणि वैशाखात हात जाईल अशा भेगा पडून आकसते. तिच्या या दरवर्षीच्या हालचालीने नळांचे व गटारांचे सांधे ढिले होतात. चोवीस तास पाणी देण्याची योजना नागपुरात २०१२ पासून हाती घेतली गेली, तेव्हा तिच्या खर्चाची व खासगी कंपनीची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हावयासच हवी होती. परंतु सतत दाबाखाली असलेला नळ ही चैन नसून रोगप्रतिबंधक योजना आहे, हा मुद्दा त्या चर्चेत मागे पडला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता व नांदेड गावाच्या परिसरात गुलियन-बारे नावाच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतील कित्येकांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा आतड्याचा जंतू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला. पुण्यासारख्या श्रीमंत शहरात हे घडले, हे लक्षात घ्यावे.

मैला घराबाहेर कसा न्यावयाचा याचे आपल्याकडे तीन मार्ग होऊन गेले. पहिला पाटीच्या संडासाचा. मागच्या गल्लीतून एका विशिष्ट जातीत जन्मलेली माणसे येत, टोपलीतला मैला पाटीत भरून डोक्यावरून नेत. या व्यवस्थेला आरोग्यव्यवस्था म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे, तरी स्वातंत्र्यानंतरही ती अनेक वर्षे चालू राहिली. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ साली बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतः हाती घेऊन कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त संडासांचे प्रयोग केले. माणसाच्या हाताला मैला लागू नये आणि त्याचे खत व्हावे, असे त्यांचे दुहेरी धोरण होते. कायद्याने कोरड्या संडासांवर बंदी यावयास मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा कायदा करावा लागला.

दुसरा मार्ग सेप्टिक टाकीचा. याविषयी सुशिक्षित घरांतही फार गैरसमज आहेत. टाकी बांधली म्हणजे मैला 'जिरला', असे लोक समजतात. टाकीत होते ते एवढेच की जड गाळ तळाशी बसतो, हवेवाचून जगणारे जंतू त्याचा काही भाग कुजवितात, आणि वरचे पाणी बाहेर पडते. ते दिसावयास निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते शोषखड्ड्यात जिरावे अशी मूळ योजना आहे. पण काळी माती पावसाळ्यात पाणी जिरवीत नाही, म्हणून गवंडी टाकीचा पाइप मुकाट्याने उघड्या नालीला जोडून देतो. घरमालक त्याला विचारीत नाही, आणि तो सांगत नाही.

या नालीत आणखी एक प्राणी वाढतो. हत्तीपायाचा रोग पसरविणारा क्यूलेक्स डास स्वच्छ पाण्यापेक्षा घाणीचे साचलेले पाणी पसंत करतो. पूर्व विदर्भातील नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे हत्तीपायाचे म्हणून आरोग्यखात्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. या रोगाने माणूस मरत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. सुजलेला पाय घेऊन तो तीस-चाळीस वर्षे जगतो आणि मजुरीला मुकतो. सेप्टिक टाकीच्या हवेच्या नळीला वरून एक बारीक जाळी बांधली तर डासांची एक मोठी पैदास थांबते. आपल्या घरावरच्या नळीला ती आहे काय, हे वाचकांनी गच्चीवर जाऊन पाहावे.

टाकी कधीतरी भरतेच. ती उपसावयास जो माणूस आत उतरतो, त्याच्याविषयी येथे सांगितले पाहिजे. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सुटतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि उतरणाऱ्याला वास गेला, हवा चांगली झाली, असे वाटते. दोन-चार श्वासांत तो कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत दोघे-तिघे दगावल्याची बातमी वाचून आपण त्याला अपघात म्हणतो. पण ज्याचे कारण माहीत आहे आणि उपायही माहीत आहे, त्याला अपघात म्हणणे सोयीचे आहे एवढेच. टाकी यंत्राने उपसता येते. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. तरीही घरमालक चार-पाचशे रुपये वाचविण्यासाठी माणूसच बोलावितो, हे आपण सर्व जाणतो.

तिसरा मार्ग भुयारी गटारांचा. तो लंडनने १८५८ च्या उन्हाळ्यातील असह्य दुर्गंधीनंतर स्वीकारला आणि जगाने त्याचे अनुकरण केले. परंतु हा मार्ग पाण्यावर चालतो. भुयारी गटारे असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी हवे, असे आपल्या सरकारी नियमावलीचे प्रमाण आहे. त्याहून कमी पाण्यात मैला वाहत नाही, तुंबतो. विदर्भातील ज्या गावांत उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, तेथे लंडनची नक्कल करणे म्हणजे जमिनीखाली पैसे पुरणे होय. अशा गावांना दोन खड्ड्यांचा संडास अधिक योग्य आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. पहिल्यातील मैला वर्ष-दीड वर्ष तसाच राहू दिला की त्याचे वास नसलेले खत होते. खड्डे विहिरीपासून दूर हवेत, आणि दोन्ही एकदम वापरता कामा नयेत. हा दुसरा नियम इतका साधा आहे, की बांधणारेच तो मोडतात व दोन्ही खड्डे एकदम जोडून देतात.

नागपुरात गटारे आहेत, आणि ती शेवटी नाग नदीकडे जातात. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, ती पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे शहरात शिरते आणि सुमारे १७ किलोमीटर शहरातून वाहते. पावसाळा सोडला तर तिच्यात नदीचे पाणी असे जवळजवळ नसतेच. जे वाहते ते आपल्या घरांतले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी ओसंडला व नदीचे पाणी वस्त्यांत घुसले, तेव्हा लोकांनी घरातून उपसला तो नुसता चिखल नव्हता. बाहेर लोटलेले सारे त्या रात्री आत आले होते.

शहराच्या पूर्वेस भांडेवाडीला मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. तेथील क्रिया समजण्यास कठीण नाही. मैलापाण्यात हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या एका भागातील सेंद्रिय द्रव्य जंतूंना खाऊ घालावयाचे आणि त्यासाठी त्यांना भरपूर हवा पुरवावयाची. ही युक्ती १९१४ साली मँचेस्टरला शोधली गेली. नदीत आपोआप हेच होते. परंतु नदीतील जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात आणि मासे मरतात. केंद्रात हवा यंत्राने दिली जाते, म्हणून वीज थांबली की शुद्धीकरण थांबते. भांडेवाडीचे शुद्ध केलेले पाणी कोराडी व खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे नेले जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी वाचते. देशात फार थोड्या शहरांनी हे केले आहे. नागपूरने केले याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे.

तरी सर्व पाणी भांडेवाडीला पोहोचत नाही. एकट्या नागपूरचे नव्हे, सगळ्या देशाचे हेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते आणि त्यांतील २०,२३६ दशलक्ष लिटरच प्रत्यक्ष शुद्ध होत होते. शुद्धीकरणाची जेवढी केंद्रे बांधलेली होती, तीही पूर्ण क्षमतेने चालत नव्हती. जगात २०२२ साली सुमारे ३५० कोटी लोकांना मैल्याची सुरक्षित व्यवस्था नव्हती, आणि त्यांत केवळ उघड्यावर बसणारेच नव्हेत. ज्यांच्या घरी फरशी बसविलेला संडास आहे पण ज्यांचा मैला पुढे नाल्यात जातो, तेही आहेत.

आता नदीच्या खाली जाऊ. नाग नदी पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते. नागपूर शहर कन्हानचे पाणी पिते, पण ते उचलते या संगमाच्या वरच्या अंगाला. दिल्लीतल्या वजिराबादसारखीच ही मांडणी. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. धरण बांधण्यापूर्वी नागपूरची घाण पुराबरोबर वाहून जात असे. आता ती धरणाच्या फुगवट्यात थबकते. संथ पाणी, त्यात मैल्याचे खत, वर ऊन, मग जलपर्णी वाढते, आणि नदीकाठच्या भोई-ढिवरांच्या जाळ्यात मासळीऐवजी तीच येते. ज्या गावांनी शेती बुडवून धरणाला जागा दिली, त्यांच्या उरलेल्या विहिरींच्या काठावर हे पाणी उभे आहे.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांची योजना केंद्राने मंजूर केली आहे. नवी केंद्रे, नवे नळ, जुन्या गटारांची जोडणी हे सर्व तीत आहे, आणि ते हवेच. परंतु योजनेचे यश कोठे मोजावयाचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी पाण्याचा नमुना घेतला तर तो बहुधा नियमात बसेल, कारण जे पाणी केंद्रात आलेच नाही त्याचा नमुना कोणी घेत नाही. नागपूरचा करदाता महापालिकेला मत देतो. भंडारा जिल्ह्यातील ढिवराला त्या निवडणुकीत मत नाही. म्हणून नमुना त्याच्या गावच्या घाटावर घ्यावयास हवा, उन्हाळ्यात, नदीत पावसाचे पाणी नसताना, आणि त्यात विष्ठेतील जंतू किती आढळले हा आकडा दर महिन्याला त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि नागपूर महापालिकेच्या दारावर, दोन्ही ठिकाणी, मराठीत लिहिला जावा. या तपासणीला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ती करणारी शास्त्रज्ञ मंडळी नागपुरातच आहेत.